उलटा लावलेला दगड

मंगळवार, वैशाख, १९७१

अनुदान म्हणे नव्या बांधालाच मिळतं, जुन्याला नाही. म्हणून यांनी आमच्या भातखाचराचा धडधाकट बांध पाडला आणि आज त्याच दगडांनी पुन्हा रचत आणला. मामंजींच्या हातचा बांध तो. या घरात येणारी प्रत्येक सून त्यावर एक दगड ठेवते. माझाही होता. दर दिवाळीला मी त्याला शेंदूर लावत आले.

दुपारी भाकरी घेऊन गेले, तर हे नेमका माझाच दगड हातात घेऊन उभे. म्हणाले, "शेंदूर दिसला तर अनुदानाच्या सायबाला कळंल, बांध जुना हाय म्हणून."

"घासून काढते," मी म्हटलं.

"न्हाई निघायचा. उलटा लावतो."

आणि लावला. शेंदूर आत, मातीकडं.

मी भाकरी वाढली.

संध्याकाळी साहेब येऊन बांधावरून चालून गेले. "मजबूत झालाय," म्हणाले. होताच की मेल्या, पाडायच्या आधीही. हे मात्र हसून मान हलवत राहिले.

पुढे कधी थोरल्या मुलाचं लग्न होईल. सून दगड ठेवायला बांधावर येईल. तिला एवढंच सांगेन, शेंदूर लावू नकोस, बाई.