आण्णांचा हात

१७ नोव्हेंबर १९९८, मंगळवार

आज सकाळी मी आण्णा झाले. मुद्दाम नव्हे — निदान इथं तरी तसं लिहू दे.

झटका आल्यापासून आण्णांचा उजवा हात गेलाय. बोलतात ते आईलाही कळत नाही. समजतं मात्र सगळं. कोरेगावच्या घरातला त्यांचा हॅम रेडिओ, बोलायचा-ऐकायचा बिनतारी संच, तेव्हापासून गप्पच. त्याला झटक्याआधी, पावसाळ्यात, माझ्या भावानं, राजरत्ननं, कॉम्प्युटर आणि मोडेम जोडून दिलाय, तो माझ्यासाठी. इथं सांगलीत घरमालक गच्चीवर अँटेना लावू देत नाहीत. म्हणून मी इथून फोन जोडायचा, इथं टाइप करायचं आणि तिकडे कोरेगावातला रेडिओ ते टिंब-रेषांच्या मोर्समध्ये हवेत सोडणार. ऐकायला माझा छोटा रिसीव्हर पुरतो, खिडकीच्या गजाला तार बांधून. आण्णा तेव्हा म्हणाले होते, बोट हलवायचं सांगलीत आन् तोंड उघडायचं कोरेगावात, बायकांच्या लय सोयीचं!

तर सयाजीकाका. फलटणचे, फौजेत आण्णांचे जोडीदार, दोघंही सिग्नलचे हवालदार. रिटायर झाल्यापासून रोज सकाळी सातला दोघांची मोर्सवर गाठ. आज रिसीव्हर लावला तर काका आण्णांचं कॉल साइन, म्हणजे हवेतलं त्यांचं नाव, हाकारतायत. थांबतायत. पुन्हा हाकारतायत. झटक्याचं त्यांना कुणी कळवलंच नाही. राजरत्ननं विचारलं तेव्हा आण्णांनी डावा हात जोरात हलवून नको म्हटलं होतं.

मला ऐकवेना. फोन जोडला. माझ्याच कॉल साइनवर सांगायचं होतं, आण्णा आजारी आहेत म्हणून. पण प्रोग्रॅममध्ये पहिल्या बटणावर आण्णांचं कॉल साइन भरलेलं, तेच दाबलं गेलं. आणि काका सुटलेच — हैस व्हय रं गड्या, मला वाटलं गेलास. इंग्रजी अक्षरांत मराठी, ही त्या दोघांची तऱ्हा.

मी लिहिलं, हाय.

एकच शब्द. दुसऱ्याच्या कॉल साइनवर बोलू नये, हे मला शिकवलं कुणी? आण्णांनीच.

१८ नोव्हेंबर

पुन्हा केलं.

काका म्हणाले, तुझा हात वळखू येत न्हाई. बटण दाबण्याची ज्याची त्याची ढब असते, तिलाच ते 'हात' म्हणतात. कॉम्प्युटरचा मोर्स फार सरळ, त्याला हात कुठला? चोराच्या मनात चांदणं. मग लिहिलं, पोरानं कॉम्प्युटर बसवून दिलाय.

खरंच की! अक्षर न् अक्षर खरं. त्यामुळे जास्त वाईट वाटलं.

२१ नोव्हेंबर, शनिवार

आता जमायला लागलंय. आकडा आला की आण्णा तो दोनदा पाठवतात, जुनी सवय आहे त्यांची. मीही दोनदा पाठवते. काकांच्या उसाची चौकशी करते, गुडघ्याची करते. काका खूश. आणि मला मेलीला मजा वाटते! फोन तोडला की मात्र चहा गोड लागत नाही.

२४ नोव्हेंबर, मंगळवार

कसं लिहू?

काका आज सुरुवातीपासून अडखळत होते. मग म्हणाले, एक सांगायचं हाय, लय वरसं झाली. आणि सांगितलं:

"माझ्या थोरलीच्या लग्नाची तारीख बारा हुती. तुला मी तेरा पाठवली. मुद्दाम. भावकी तुला पंगतीला बसू देणार न्हवती, आन् त्यांच्याशी भांडायची माझी छाती झाली न्हाई."

ते लग्न मला आठवतं. मी नऊ वर्षांची होते, नवा फ्रॉक होता. आण्णा, आई आणि मी एस्टीनं फलटणला उतरलो तर मांडवाचे खांब काढत होते. पातेली पालथी घातलेली. नवरी आदल्या दिवशीच सासरी गेलेली. काका सगळ्यांसमोर मोठ्यानं हसले — हवालदार, दोनाचं तीन ऐकलंस की रं! मोर्समध्ये दोन आणि तीन शेजारी-शेजारी, एका रेषेचं टिंब झालं की दोनाचे तीन. भावकी हसली. आण्णाही हसले. म्हणाले, व्हय, माझीच चूक. आम्हाला ओट्याखाली बसवून कागदावर बुंदी दिली आणि मी ती आवडीनं खाल्ली. येताना एस्टीत आण्णा समोरच्या दांड्यावर बोटानं वाजवत होते — दोन, तीन. दोन, तीन. आकडे दोनदा पाठवणं तेव्हापासूनचं.

हे मला आज कळलं. आणि मी त्या सवयीची नक्कल करत होते!

राग असा आला की समोरचा कीबोर्ड भिंतीवर फेकावा. पण काका थांबलेले. उत्तर तर द्यायला हवं. भांडले असते तर त्यांनी पुढचीच एस्टी धरली असती आणि माझं सोंग उघडं पडलं असतं. म्हणून लिहिलं — जुनी गोष्ट. इसरून जा. माफ केलं.

काका म्हणाले, लय हलकं वाटलं गड्या.

मग मी क्लासवर जाऊन पोरांना कॉम्प्युटर शिकवला. काय शिकवलं देव जाणे.

२५ नोव्हेंबर

हलवायाच्या घरावर तुळशीपत्र. ती माफी माझी नव्हतीच.

२९ नोव्हेंबर, रविवार

पाच दिवस फोन जोडला नाही. रिसीव्हर लावते, काका हाक मारतात, ऐकते आणि बंद करते. भ्याले म्हणून माफ केलं मी. मन मोठं करून केलं असतं तरी एक वेळ चाललं असतं. पण आपली चोरी झाकायला बापाचा अपमान खर्चून टाकला!

२ डिसेंबर

आज फोन जोडला, बोलले. काका कोरेगावला येणार, पुढच्या गुरुवारी. म्हणाले, तोंडानं बोलायचं हाय, समोर बसून. मी लिहिलं, उसाची तोड उरकू दे. ते म्हणाले, तोड पोरं बघतील.

आता काय करू?

३ डिसेंबर

आईचा फोन. आधी नेहमीची कुरकुर, सकाळी फोन गुंतलेला असतो म्हणून. मग म्हणाली, "ती पेटी सकाळची टकटक करती बघ, तवा आण्णा कुणाला आवाज करू देत न्हाईत. डोळं मिटून पडत्यात."

फोन ठेवला तेव्हा उमगलं.

स्पीकर बंद असतो, पण मोर्स जाताना रेडिओतला रिले, आतला छोटा खटका, टिंब-रेषेबरहुकूम वाजतो. शेजारच्या खोलीत पडलेल्या सिग्नलच्या हवालदाराला तेवढं पुरे. म्हणजे पहिल्या दिवसापासून आण्णा ऐकतायत. काकांचं बोलणं नाही — फक्त माझं. 'माफ केलं' हे त्यांनी ऐकलंय. कशाबद्दल, ते त्यांना माहीत नाही.

६ डिसेंबर, रविवार. कोरेगाव

संध्याकाळी विहारात वंदना झाली. घरी आल्यावर आण्णांच्या खाटेजवळ बसले आणि सगळं सांगितलं. बटण चुकलं तिथपासून. आई दारात उभी होती. बारा आणि तेराचं सांगताना आण्णा आढ्याकडे बघत होते, पापणी हलली नाही. शेवटी मी म्हणाले, "आण्णा, तुमच्या नावानं मी माफ करून बसले."

त्यांचा डावा हात माझ्या हातात होता. तो त्यांनी काढून घेतला आणि भिंतीकडे तोंड केलं.

आई मला चुलीपाशी घेऊन गेली. रागावली नाही. एवढंच म्हणाली, "आपुन ऐकायला चुकलो आसंच धरून चाललं हुतं गं ते. त्या लग्नानंतर महिनाभर रेडिओला शिवलं न्हवतं."

रडले. खूप रडले. त्यांनी शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. पण त्या द्यायलासुद्धा त्यांना तोंड नाही, आणि जे होतं ते मी वापरलं.

७ डिसेंबर

पहाटेच्या गाडीनं सांगलीला परत. निघताना आण्णा जागे होते, पण बघितलं नाही. राजरत्नला सांगितलं, मोडेम काढून टाक. तो म्हणाला, आण्णांनी खुणेनं तेच सांगितलंय, आणि खाट रेडिओच्या खोलीत न्यायला लावलीय. कशाला, ते त्याला कळलं नाही.

८ डिसेंबर

सकाळी काका हाकारत होते. परवा येतो म्हणाले. कुणीच उत्तर दिलं नाही. मीही नाही.

९ डिसेंबर, बुधवार

सातला रिसीव्हर लावला. आण्णांचं कॉल साइन.

मी काही पाठवत नव्हते. वाकडंतिकडं, संथ, मध्येच तुटणारं — डाव्या हाताचं. एकेक अक्षर उतरवून घेतलं.

"इतके दिस पोरगी बोलत हुती. मी न्हाई. माफ केलं न्हाई. उद्या ये. माझ्या शेजारी बसून जेव."