उलटी काठी

बाबा, गेल्या रविवारी दादानं तो हॉकीचा गेम पुन्हा लावला. आता कॅसेट लागत नाही, मोबाईलवर सापडतो आणि टीव्हीला जोडता येतो. तो नागपुरात, मी वणीत. दोघांचीही पंचेचाळिशी उलटलेली, आणि व्हिडिओ कॉलवर अर्धा तास भांडलो कशावरून, तर संघात जाडे किती घ्यायचे. तो म्हणतो तीन जाडे, एक बारक्या, बाबांचा डाव हाच होता. मी म्हणते दोन आणि दोन. माझं बरोबर आहे हे तुम्हाला ठाऊक आहे, पण त्याला सांगायला तुम्ही नाही.

राजूरच्या क्वार्टरमध्ये तुम्ही खाणीतून पहिली पाळी करून यायचे, आंघोळ करायचे, तरी कानामागं कोळसा उरलेला असायचा. आणि तसेच टीव्हीवरच्या त्या पांढऱ्याशुभ्र मैदानासमोर बसायचे. बर्फावरची हॉकी. आपल्यापैकी कुणी बर्फाचं मैदान पाहिलेलं नव्हतं. आईला ते वेचणीला आलेलं कापसाचं वावर वाटायचं. सामना सुरू होण्याआधी चार खेळाडू निवडायचे असत. बारक्या जोरात पळायचा, पण धक्का लागला की आडवा. जाड्या हलायला वेळ लावायचा, पण त्याचा फटका गोलकीपरला आवरायचा नाही. तुम्ही कॉलनीच्या हॉकी संघात फुलबॅक खेळलेले, त्यामुळे मागं दोन जाडे आणि पुढं दोन बारके हे तुमचं ठरलेलं. मी चारही बारके घ्या म्हणून हुज्जत घालायचे. त्यावर तुमचं उत्तर एकच, मांगं भिंत पायजे.

आणि ती काठी. आपल्या मैदानी हॉकीत काठीची एकच बाजू सपाट असते, उलट्या बाजूनं चेंडू मारला की फाऊल. बर्फावरच्या हॉकीत चेंडूऐवजी रबराची चकती असते, आणि काठीला तसलं काही नाही. पण खेळाडूचं तोंड डावीकडं असलं की काठी उलटी पडते असं तुम्ही स्वतःच ठरवलेलं, आणि त्याला पूर्ण वळवून घेतल्याशिवाय तुम्ही गोलवर फटका मारायचे नाहीत. तेवढ्यात चकती कुणी तरी पळवायचं. दादा हसून लोळायचा. इथं कोणी शिट्टी मारत नाही म्हणायचा. तुम्ही शांतपणे सांगितलं होतं, "अंपायर नाई पाहून राह्यला त काय झालं? मी त पाहून राह्यलो ना."

दादा म्हणतो, तसले गेम आता होत नाहीत. मी रविवारी नीट पाहिला. चित्रं लुकलुकतात, संगीत कान किटवतं, सगळ्या मिळून हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या चाली. मी तसं म्हटलं, की गेम साधाच होता, आपण लहान होतो. त्याला राग आला. जणू मी तुम्हालाच साधं म्हटलं. त्याला त्या गेममध्ये तुम्ही दिसता, मोठे आणि धडधाकट. मला एकच दुपार दिसते.

मी पंधरा वर्षांची होते. पुसदला जिल्ह्याच्या शालेय हॉकी स्पर्धा होत्या, संघात माझं नाव लागलं होतं आणि तुम्ही सोबत येणार होतात. त्या सकाळी आई नळावर गेली होती. तुम्ही सांडशीनं चहाचं गंज उतरवत होतात आणि तुमच्या उजव्या हाताची बोटं आपोआप उघडली. पातेलं आडवं झालं, चहा ओट्यावरून खाली ओघळला. तुम्ही चहाकडं पाहिलंच नाही, हाताकडं पाहत राहिलात. मी फरशी पुसत असताना म्हणालात, की या महिन्यात तिसऱ्यांदा झालं. मग म्हणालात, "तुया मायले नको सांगू." मी मान डोलावली.

दुपारी तुम्ही पुसदचं रद्द केलं. कारण दिलं नाही. मी तीनदा विचारलं. शेवटी म्हणालात, नाई म्हनलं ना, कायले पायजे पुसद. आता कळतं. तिथं तुमच्या जुन्या संघातले खेळाडू भेटले असते, कुणी तरी हातात काठी दिली असती, आणि ती हातातून पडली असती. तेव्हा मला फक्त राग कळत होता. मी रडले नाही. म्हटलं, चला बाबा, एक मॅच खेळू. दादा कॉलेजात होता, पाहायला कुणी नव्हतं.

मी चारही बारके घेतले. गेमच्या रिमोटवर फटका मारायचं बटण उजव्या अंगठ्याखाली असायचं. तुमचा अंगठा त्यावर दाबेपर्यंत माझ्या पोरांनी चकती नेलेली असायची. मला ते होणार हे माहीत होतं. सकाळी पाहिलं होतं म्हणूनच मी तुम्हाला खेळायला बसवलं. आणि प्रत्येक गोल मी मुद्दाम उलट्या काठीनं मारला. नऊ झाल्यावर तुम्ही हळूच म्हणालात, "काठी उलटी पडून राह्यली, बाई."

"इथं चालते बाबा," मी म्हणाले. "तुमचीच नाई चालत आता."

तुम्ही रिमोट खाली ठेवलात. उजवा हात डाव्या हातानं उचलून मांडीवर घेतलात. टीव्हीवर सामना चालूच होता आणि तुमचे खेळाडू जागच्या जागी उभे होते. तुम्ही त्यानंतर कधी खेळायला बसला नाहीत.

आईला मी खरंच सांगितलं नाही. चार महिन्यांनी नागपूरच्या डॉक्टरांनी विचारलं, हे कधीपासून आहे. आई म्हणाली, आताआताच, पंधरा दिवस झाले असतील. तुम्ही माझ्याकडं पाहिलंत. मी फरशीकडं पाहत राहिले. डोक्यात गाठ होती. लवकर आणायला हवं होतं, असं डॉक्टर म्हणाले. ते सगळ्यांनाच तसं म्हणतात, हे दादाचं मत. होळीच्या आत तुम्ही गेलात. सांगितलं असतं तर वाचला असतात का, हे मी आजवर कुणाला विचारलेलं नाही. विचारायची भीती वाटते.

हे पत्र माझ्या शाळेतल्या एका जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिहून राहिलेय. कुठं टाकायचं नाही, दादाला दाखवायचं तर मुळीच नाही. त्या दिवशी कॉल ठेवताना तो म्हणाला, "जाडे किती का असेना. बाबा कोनालेच हरले नाई कधी, खरं ना?"

मी हो म्हणाले. तुमची लाज राखायला म्हणाले असते तर बरं झालं असतं. पण हरले म्हटलं असतं, तर त्यानं विचारलं असतं, कोणाकडून.