टॅफी सुखरूप आहे, असं मला दिसलं

३ मार्च, मंगळवार

आजच्या मीटिंगमध्ये ठरलं. सतरा तारखेचं भाषण मी करायचं. विषय: ‘आपल्याला वाटलेल्या शक्ती, आणि त्या कशा नव्हत्याच.’ मीटिंग घेणाऱ्या कोराने विचारलं, “कोण बोलेल?” सगळे आपापल्या कॉफीत बघायला लागले. मी हात वर केला. सायंटॉलॉजी नावाचा पंथ सोडलेल्या आम्हा दहा-बारा लोकांत माझ्याइतका पूर्ण बरा झालेला माणूस दुसरा नाही, असं माझं प्रामाणिक मत आहे. बोलून दाखवलं नाही. नम्रता.

आज गप्पा छान झाल्या. ड्वेन म्हणाला, सहलीच्या दिवशी तो नुसत्या इच्छेने पाऊस थांबवायचा. थांबला तर आपण थांबवला. नाही थांबला तर कुणीतरी आपल्यापेक्षा वरच्या पायरीवरच्याने पाडला. कोराला एकदा शरीराबाहेर पडून स्वतःच्या घराचं छप्पर दिसलं होतं, फुटलेलं. शिडी लावून वर चढली तर छप्पर ठणठणीत. तरी तिने ते नवं घालून घेतलं. सगळे हसले. सर्वांत मोठ्याने मी.

येताना चौकातला सिग्नल मी बघितल्याबरोबर हिरवा झाला. सवयीने बघितलं होतं. हे धरायचं नाही.

५ मार्च

भाषणाचं पहिलं वाक्य तयार: “मित्रहो, माणूस शरीराबाहेर पडत नाही.” दणदणीत आहे.

पुढे माझा अनुभव घालणार. पंथात मन तपासायच्या मीटरला जोडलेले ते पत्र्याचे डबे दोन्ही हातांत, समोर मीटरचा काटा, आणि एकदम मी छतापाशी. खाली खुर्चीत मीच बसलेलो. डोक्यावर मागच्या बाजूला गोल टक्कल पडायला लागलेलं. त्या दिवशी मी आनंदाने रडलो होतो. अर्थात तो भास.

(पण टक्कल खरंच होतं. आणि ते मला तोवर कुणी सांगितलं नव्हतं. हे भाषणात घेऊ नये.)

अर्लीन दोन दिवस मुलीकडे ओहायोला चालली आहे. अर्लीन म्हणजे शेजारचा ट्रेलर (इथे आम्ही सगळे चाकांवरच्या घरांत राहतो). आम्ही पंथाच्या कोर्सला एकत्र होतो, सोडलंही एकाच वर्षी, आणि नवरा गेल्यावर ती इथेच क्लिअरवॉटरमध्ये आमच्या ट्रेलर पार्कात राहायला आली. तिची मांजर, टॅफी, माझ्यावर सोपवली आहे. म्हणाली, “व्हर्न, बाकी काही नाही केलंस तरी चालेल, पण दार उघडं टाकू नकोस. तिला बाहेरचं जग माहीत नाही.” मी म्हटलं, आयुष्यभर लोकांचे एसी दुरुस्त केले, एक मांजर काय मोठीशी.

७ मार्च, दुपार

झालं ते असं.

टॅफीला खाणं दिलं. मग जरा अर्लीनच्या सोफ्यावर बसलो. डोक्यात भाषण होतं. वाटलं, ‘पडत नाही’ असं छातीठोकपणे सांगायचं तर एकदा शेवटची खात्री करून घ्यावी. नुसता प्रयोग. डोळे मिटून ओहायोला जायचं, अर्लीन काय करतेय बघायचं, दिसणार नाहीच, मग निश्चिंत मनाने बोलायचं. पण तिचा एसी फार खडखडतो. पंख्याचं बेअरिंग गेलंय. एकाग्रता होईना. म्हणून एसी बंद केला. मग उकडायला लागलं. म्हणून दार थोडं उघडलं. थोडंच.

ओहायो दिसलं नाही. डोळे उघडले तेव्हा टॅफीही दिसली नाही.

७ मार्च, संध्याकाळ

सगळं पार्क हाका मारत फिरलो. मॅनेजर ओडेल खुर्ची टाकून बसला होता. मी “टॅफी, टॅफी” ओरडत जाताना त्याला वाटलं, मी त्या नावाची चिकट मिठाई विकतोय; म्हणाला, “मला नको बाबा. दात राहिलेत कुठे गोड खायला?” सांगितल्यावर गंभीर झाला आणि म्हणाला, मागच्या तळ्यात मगर आहे ते माहीत आहे ना. माहीत आहे. तळ्यावर जाऊन आलो. मगर ऊन खात पडली होती. तोंडावरून काही कळत नाही.

अर्लीन उद्या येते. त्याआधी मांजर सापडणार याबद्दल मला शंका नाही.

८ मार्च

शंका घ्यायला हवी होती.

अर्लीनला दारातच सांगितलं. म्हणजे थोडं वेगळं सांगितलं. म्हटलं, तुझ्या जाळीच्या दाराची कडी सैल आहे, टॅफीने ढकललं असणार.  अर्लीन खाली बसली, टॅफीच्या बशीतला खाऊ बोटाने गोळा करायला लागली.  हे मला बघवेना, आणि तोंडातून निघून गेलं, “ती सुखरूप आहे. मला दिसलं.”

तिने मान वर केली. “तू अजून बघतोस?”

“कधीमधी.”

“काय दिसलं?”

आता काहीतरी दिसायलाच हवं होतं. म्हटलं, स्वयंपाकघर. पिवळा उजेड. कुणीतरी वाटीत दूध घालतंय. अर्लीनने माझा हात दोन्ही हातांत धरला. म्हणाली, “मला वाटायचं, माझं एकटीचंच मन अजून तिकडे ओढतं. व्हर्न, कोराला सांगू नकोस हं.” मी म्हटलं, तूही नको सांगूस.

डॉक्टरही रोग्याला धीर देतातच की. 

१० मार्च

मीटिंग. आज मी फार कडक बोललो. म्हटलं, आपल्यातले काही जण मनाने अजून आतच आहेत. टेबलाच्या पलीकडून अर्लीनने मला डोळा मारला.

उद्या तिला कडीबद्दल खरं सांगायचं. नक्की.

१२ मार्च

सांगणारच होतो. पण तीच चिकन पाय (कणकेच्या पारीत भाजलेलं चिकन) घेऊन आली. “तुझ्यामुळे मला झोप लागते,” म्हणाली. अशा वेळी कसं सांगणार?

मग विचारलं, “प्राण्यांच्या शेल्टरला फोन करू का रे? ओडेल म्हणतो, सापडलेली मांजरं तिथे नेतात.” इथे मी हो म्हणायला हवं होतं. पण मनात आलं, टॅफी तिथे नसली तर ही खचेल. आणि असली तर पिवळ्या उजेडाचं काय? म्हटलं, “गरज नाही. ती परतीच्या वाटेवर आहे.” अर्लीनने फोन ठेवून दिला.

ओहायोची मुलगी रोज विचारते म्हणे. खोली रंगवून तयार आहे, महिनाअखेर ये. अर्लीनने तिला कळवलं, टॅफी आल्याशिवाय हलणार नाही. कारण विचारलं तर म्हणाली, “माझा एक जाणकार मित्र आहे.”

तो पाय तसाच ठेवायचं ठरवलं. दोन तुकडे खाल्ले.

१५ मार्च

अर्लीन दिवसभर दार सताड उघडं टाकून दारात खुर्चीवर बसते. आत दोन सरडे आलेत. काल एक रकून, मांजराएवढा रानटी प्राणी, आला, टॅफीची बशी चाटून गेला. उकाड्याने अर्लीनचा चेहरा लाल होतो, पण एसी लावत नाही. दार बंद करावं लागेल म्हणून. मी सावलीला छत्री बांधून दिली. बेअरिंगही बदलून दिलं. तिने पुन्हा आभार मानले. मला आभार ऐकवत नाहीत.

भाषण झालं की त्याच दिवशी कबूल करायचं. आधी नको. आधी केलं तर भाषणात मन लागणार नाही, आणि त्यात सगळ्यांचंच नुकसान.

१७ मार्च

भाषण.

पहिलं वाक्य जोरात गेलं. ड्वेनने मान डोलावली. मी पुढे म्हटलं, आपण मांजरासारखे सिग्नलचे दिवे बघत बसलो आणि त्याला शक्ती म्हणालो. ‘मांजरासारखे’ आयत्या वेळी सुचलं. का सुचलं देव जाणे.

अर्लीन उभी राहिली. आवाज चढलेला नव्हता. म्हणाली, “व्हर्न, हे तू मनापासून बोलतोयस का? मग टॅफीचं?”

कोरा म्हणाली, “टॅफीचं काय?”

अर्लीनने सगळं सांगितलं. स्वयंपाकघर, दूध, परतीची वाट. सांगताना ती माझ्याकडे अशी बघत होती, जणू मी मोठेपणा लपवणारा माणूस आहे आणि तिला तो लपू द्यायचा नाही. मी पाणी प्यायलो. कोराने विचारलं, “खरं आहे का हे?” मी म्हटलं, “एका अर्थी.” मग खाली बसलो. पुढचं भाषण राहिलंच.

मला वाटलं, हाकलून देतील. तसं झालं असतं तर बरं होतं. बाहेर गाडीपाशी कोरा आली, इकडेतिकडे बघत म्हणाली, “थट्टेत विचारते हं, पण माझ्या आईचा ब्रोच हरवलाय. घरातच असेल ना? तुला काय वाटतं?”

कोराने. जिने ही मीटिंग सुरू केली.

१८ मार्च, सकाळ

ड्वेन आला. दारात टोपी हातात धरून उभा. सहा फुटांचा माणूस, ट्रक चालवून चालवून खांदे एवढे झालेले. आत ये म्हटलं तर आला, पण बसेना.

“आपल्या दोघांतच राहू दे,” म्हणाला. “मायराला बघशील का?”

मायरा त्याची मुलगी. ती अजून पंथातच आहे. सोडताना ड्वेन तिच्यावर ओरडला होता, नको ते बोलला होता, ते त्याने मीटिंगमध्ये सांगितलंय. तेव्हापासून ती त्याचा फोन उचलत नाही.

मी म्हटलं, “ड्वेन, तू पाऊस थांबवायचास त्यावर आपण त्या दिवशी किती हसलो.”

“हो. हसलो ना.” मग म्हणाला, “कुठे आहे ते नको सांगूस. बरी आहे का, तेवढंच. जेवते का नीट.”

मी डोळे मिटले. खरं तर त्याच्याकडे बघायला नको म्हणून मिटले. आणि आता लिहितोच: मी प्रयत्न केला. मनापासून, आयुष्यात केला नसेल इतका. मुलगी दिसावी म्हणून नाही. ड्वेनला काहीतरी देता यावं म्हणून. पापण्यांच्या आत लालसर अंधार होता. दुसरं काहीही नव्हतं. मग वाटलं, तेव्हा छतापाशीही एवढंच असेल.

स्वयंपाकघर म्हणणं सोपं होतं. पिवळा उजेड, ताटात गरम जेवण. ओठांवर आलं होतं.

“मला काही दिसत नाही,” मी म्हटलं.

“अजून एकदा बघ.”

“ड्वेन, मला कधीच काही दिसलेलं नाही.”

 “अर्लीनला तर सांगितलंस,” म्हणाला. रागाने नाही. मला का नाही, असं विचारल्यासारखं. टोपी घातली आणि गेला.

१८ मार्च, दुपार

लगेच अर्लीनकडे गेलो. ती दारातच होती. सगळं सांगितलं: कडी चांगली होती, दार मी उघडलं, तुला ओहायोत बघायला म्हणून. बोलताना माझं मलाच ऐकू येत होतं किती मूर्खपणाचं आहे ते.

ती म्हणाली, “आणि पिवळा उजेड?”

“नव्हता.”

“दूध?”

“नव्हतं.”

“आणि मी शेल्टरला फोन करू नये, हे कुणी दाखवलं तुला?”

 ती आत गेली, किल्ल्या घेऊन आली. म्हणाली, “चल. गाडी तू चालव.” वाटेत सगळे सिग्नल लाल लागले. एकालाही मी काही केलं नाही.

शेल्टरमधल्या मुलीने कॉम्प्युटरवर फोटो काढून दाखवला. टॅफी. पळाली त्याच्या दुसऱ्याच दिवशी कुणीतरी आणून दिली होती. गळ्यात पट्टा नाही, कातडीखाली ओळखीची चिप नाही. मालक येईल म्हणून नियमाइतकं थांबले, मग गेल्या शनिवारी एका कुटुंबाने नेली. नाव-पत्ता सांगता येत नाही. मुलगी बिचारी फार हळू आवाजात बोलत होती. म्हणाली, “चांगली माणसं आहेत, मॅडम. मोठं स्वयंपाकघर आहे म्हणत होते, मांजराला खिडकीत बसायला.”

स्वयंपाकघर!

माझी मान अर्लीनकडे वळली. तोंड उघडलं असावं.

“एक शब्द बोलू नकोस, व्हर्न,” ती म्हणाली. “एक सुद्धा.”

नाही बोललो. पण मनात आलं. वहीत खोटं कशाला लिहू, गाडीत बसेपर्यंत दोनदा आलं. बाजूला ती रडत होती आणि मी पिवळ्या उजेडाचा हिशेब जुळवत होतो. हा माणूस पूर्ण बरा झालेला!

२० मार्च

अर्लीनचं दार बंद आहे. एसी चालू. आवाज करत नाही.

ड्वेनला फोन केला. म्हटलं, मायराला पत्र लिही, मी सोबत बसतो, जे बोललास त्याची माफी माग. म्हणाला, बघतो. मग म्हणाला, “तुला काय वाटतं, ती वाचेल?” मी म्हटलं, माहीत नाही.  तरी त्याने फोन ठेवला नाही.

अर्लीनला सामान बांधायला मदत करायची, असं ठरवलं आहे. महिनाअखेरीपर्यंत ती आहेच. रविवारी जाईन. तोवर तिचा राग उतरेल. मी तिला ओळखतो.

२२ मार्च, रविवार

सकाळी दहाला खोके आणि टेप घेऊन गेलो. ट्रेलर रिकामा. खिडक्यांचे पडदेसुद्धा नाहीत.

ओडेल पायऱ्या धूत होता. म्हणाला, मुलगी आणि जावई काल ट्रक घेऊन आले, सकाळपासून दुपारपर्यंत सामान भरत होते, केवढा आवाज, कपाट तर तुझ्या खिडकीखालूनच नेलं. मी काल दिवसभर घरात होतो. डोळे मिटून पडलो होतो, तिची माफी कशी मागायची याचा विचार करत. मध्ये डोळा लागला.

ओडेलने विचारलं, “तुला माहीत असेलच ना, ती लवकर जाणार म्हणून?”

मी म्हटलं, “हो, माहीत होतं.”

नव्हतं.