चार कार्डं आणि विहीणबाईंचा आशीर्वाद

सन्माननीय विहीणबाई सालकिन यांना,

नारीनहून बुर्माकानचा सलाम. मेंढरं, माणसं, तुमचे गुडघे, सगळं ठीक असेल. (गुडघ्यांचं आधी विचारायला हवं होतं, पण मेंढरं जास्त आहेत.) तुमची नात नाझिक आमच्याकडे रुळली. चहा पातळ करते, बाकी तक्रार नाही. फोनच केला असता, पण तुमच्याकडे तो स्पीकरवर ठेवून अख्खी गल्ली ऐकते. म्हणून चार इयत्तांच्या अक्षरात लिहितेय, समजून घ्या.

लग्नाचा व्हिडिओ कुठे अडकला, असा निरोप तुम्ही पुन्हा पाठवलात. माझा नातू एल्दियार गावभरच्या लग्नांचे व्हिडिओ वेळेवर देतो आणि स्वतःच्याच लग्नाचा नाही, हे बोलायला लोकांना बरं सापडलंय. पण आपल्या लग्नात ज्याने त्याने माइक धरला (आणि धरलेला माइक सोडायची आपल्यात रीत नाही). एकाचाही आशीर्वाद कापला तर जन्माचं वैर. एवढा ऐवज कॉम्प्युटरमध्ये शिजायला घातला की दोन दिवस लागतात, आणि आमच्याकडे वीज दोन दिवस टिकत नाही. रविवारी तर ट्रकवाला अस्कत मॉस्कोला निघतोय. तिथे तुमच्या लेकाला, मिर्लानला, मुकादमाने लेकीच्या लग्नालासुद्धा सोडलं नाही, आणि बांधकामावरच्या त्याच्या पत्र्याच्या खोलीत इंटरनेट पोचत नाही. अस्कतच्या खिशातून व्हिडिओ गेला तर गेला, नाहीतर पुढचा ट्रक वसंतात. म्हणून मी ठरवलं, रविवारी व्हिडिओ जाणार. वीज, कॉम्प्युटर आणि एल्दियार, तिघांनाही तसं बजावलं.

कॉम्प्युटरमध्ये चित्रांचं काम करणारं एक कार्ड असतं. कार्ड म्हणे, पंखे लावलेली वीट आहे ती. एल्दियारने आणखी तीन आणली, कॉम्प्युटरवर हवेतली नाणी खणून कंटाळलेल्या एका माणसाकडून. चारही जोडली. वेळ तेवढाच. म्हटलं, "अरे, चौघी आणल्यास ना?" तर म्हणतो, "आजी, प्रोग्राम एकालाच काम सांगतो. बाकीची नुसती बसून आहेत." हे मला समजावायला नको. मला चार सुना आहेत. धाकटी राबते, तिघी चहा पितात. "मग प्रत्येकीला वेगळा वाटा दे." "तेच करतोय आजी, जरा बोलू दिलंस तर." मेंढीचे करतात तसे त्याने लग्नाचे चार वाटे केले, एकेका कार्डाला एकेक.

चौघी एकदम कामाला लागल्या आणि फ्यूज उडाला. पुन्हा घातला, पुन्हा उडाला. मग मी किटली, फ्रिज, इस्त्री, सगळ्यांचे प्लग उपटले आणि मेन स्विचखाली स्टूल टाकून बसले. नाझिक केस वाळवायचं यंत्र घेऊन आली. "आजी, दोनच मिनिटं." "बापाला लग्न दाखवायचंय की केस?" गेली फणकाऱ्याने कार्डांच्या खोलीत. तिथे अशी भट्टी पेटली होती की तिचे केस वाळले आणि माझे कुरुतचे गोळेही. (ते दही टांगून वळलेले, तुम्हाला आवडतात ते. पाठवतेय.)

सकाळी चारही वाटे तयार. एल्दियारने झोपाळल्या डोळ्यांनी, जो आधी झाला तो आधी, असे जोडले. लावून बघते तर पाहुणे उरलेलं मांस पिशव्यांत भरून घरी निघालेत, मग तुमचा आशीर्वाद, मग मी आणखी एक मेंढी कापायला सांगतेय, आणि सगळ्यात शेवटी नाझिक नवरी होऊन गाडीतून उतरतेय. "काय रे, लोक जेवून गेल्यावर नवरी आली होय?" पुन्हा जोडलं. आता ज्याचं ताट त्याच्यापुढे आहे.

तुमच्या नातजावयाची आजी,
बुर्माकान

ता. क. एकच राहिलं. वीज गेली त्यात तुमचा आशीर्वाद खराब झाला. शुक्रवारी एल्दियार कॅमेरा घेऊन येईल. तोच मखमली झगा, तोच पांढरा रुमाल, मागे तोच गालिचा. पुन्हा बोला.

आणखी एक. हे मागच्या बाजूला लिहितेय, गल्लीला वाचून दाखवू नका. तुमचा आशीर्वाद ठणठणीत आहे, मी सगळा ऐकला. त्यात हॉल गार होता हे आहे, मांस चिवट होतं हे आहे, तुम्हाला कुठे बसवलं हेही आहे. मिर्लानचं नाव नाही. तो हे कामावरून आल्यावर एकटा बघणार आहे. म्हणून शुक्रवारी आधी त्याचं नाव घ्या, मग काय बोलायचं ते बोला. मांसाचं राहू द्या हवं तर. मेंढी म्हातारीच होती.