आजीच्या शब्दावर दाबलेलं बटन

१२ जानेवारी, सोमवार. नांदेड

नातीचं गाडं अडलंय. शिवांगी एम.ए. करते, मानसशास्त्रात. प्रयोग असा — पडद्यामागचा माणूस उत्तर चुकला की इकडच्यानं बटन दाबायचं, की तिकडच्याला करंट! दर चुकीला जास्त. करंट खोटा, ओरडणं खोटं. दाबणाऱ्याला तेवढं माहीत नसतं. चौथीपर्यंतच शिकले मी, पण एवढं कळलं.

परदेशात म्हणे पांढऱ्या कोटातल्या साहेबानं 'चालू ठेवा' म्हटलं, की माणसं दाबतच गेली. इथं कोट घातलाय तिच्या वर्गातल्या हरिओमनं. त्याला कोण भीक घालतंय! लोहा गावचा एक पाव्हणा म्हणाला, "ए डाक्टर, आधी तू बस तिकडं, मग दाबतो!"

१३ जानेवारी

पुन्हा तेच. सगळे उठून गेले. पोरगी जेवली नाही.

१६ जानेवारी, शुक्रवार

आज डबा घेऊन मीच कॉलेजात गेले. कोपऱ्यात बसले. शिवांगी वही घेऊन उभी, तिच्यामागं तिचे सर. बटनावर आमच्या गल्लीतली बांगड्यावाली गौसिया. पडद्यामागून शिवांगीच्या वर्गातलाच शिवकुमार ओरडला, "मेलो गं माय!" तिनं हात मागं घेतला.

हरिओम म्हणाला, "चालू ठेवा."

"तू गप रे!" — आणि माझ्याकडं बघितलं.

नातीचं काम होऊन जावं, एवढंच मनात. बोलून गेले, "दाब गं बाई, काही होत न्हाई."

दाबलं! शेवटपर्यंत दाबलं! डोळ्याला धार, ओठात "या अल्ला", आणि दर वेळी आधी माझ्याकडं नजर. अगं बाई गं! चिमणीएवढा जीव माझा, आणि जिभेत एवढं बळ? अंगावर सर्रकन काटा आला. अजून जात नाही.

मग शिवकुमार शेंगा खात बाहेर आला. सगळं खोटं होतं म्हणून सांगितलं. गौसिया हसली. जाताना मला हळूच म्हणाली, "आजी, तुमचा शब्द कसा मोडू? पण मी तर खरं समजूनच दाबलं की हो."

१७ जानेवारी

सर लई खूश. 'कोटाला कुणी विचारत नाही, पिकल्या केसाला नाही म्हणवत नाही — हे नवीनच सापडलं!' सोमवारी लातूरच्या कॉलेजात प्रयोग. हरिओमच्या जागी मी! शिवांगीची पदवी आता ह्याच्यावर.

१८ जानेवारी

गौसियाच्या दुकानावरून गेले. "या आजी, बसा" म्हणाली, रोजच्यासारखंच. मान काही वर केली नाही.

१९ जानेवारी, सोमवार

लातूरची गाडी दारात उभी. म्हटलं, "पोरी, मी येत न्हाई. कुणाला 'दाब' म्हणायला आता तोंड उघडणार न्हाई माझं."

वाटलं, रडेल. पदवीचं काढेल.

शिवांगी मटकन उंबऱ्यावर बसली. "बरं झालं गं आजी. गौसियाताई रडत होत्या तेव्हाच मला थांबवायचं होतं. पण सर मागं उभे होते — म्हणत होते, चालू ठेव."