माशांच्या पोटातला हिरवा उजेड

सर, तुम्हाला जाऊन बरीच वर्षं झाली, तरी माझा राग काही निवत नाही. कर्जतच्या तुमच्या प्रयोगशाळेत मी माशांच्या टाक्या धूत होतो आणि ती कळंबची पोर तुमच्या हाताखाली शिकत होती. कुजक्या अंड्याचा वास येतो तो वायू आपलं जिवंत अंगसुद्धा चिमूटभर तयार करतं, रक्तवाहिन्यांना निरोप द्यायला. तो भेटला की हिरवं चमकणारं रसायन तिनं दोन वर्षं खपून बनवलं होतं. माशांच्या काचेसारख्या आरपार दिसणाऱ्या पिल्लांत ते घालून तो वायू अंगात कुठं कुठं आहे ते ती बघणार होती. आदल्या दिवशी मला म्हणाली, "काका, उद्यापर्यंत यांना कायपण घालू नका हां. पोट रिकामं पायजे." मी म्हटलं, "बाये, लेकरांना उपाशी ठेवतेस? पाप लागंल गं." "लागू दे. जमलं ना, तर पेढे भरवीन त्यांना," म्हणाली नि हसली.

सकाळी निळा दिवा लावला. रसायन घातलेली पिल्लं चमकली आणि न घातलेलीही चमकली. तुम्ही खुर्ची सारून उठलात. "पिल्लांच्या बश्यांची अदलाबदल केलीस. हात आहेत की फावडी? जा, भात लाव कळंबला." चार जणांसमोर. ती म्हणत होती, "नाय सर, मी चिठ्ठ्या लावल्यात, बघा तरी." तुम्ही बघितलं नाहीत. अहो, एवढी पुस्तकं वाचलेला माणूस! रसायनाविना चमकत होतं ते फक्त पोट. डोकं काळं, शेपूट काळी. एकदा वाकून बघायचं होतंत. मी बादली घेऊन दारातच उभा होतो, मला विचारायचं होतंत. ती त्याच दिवशी सामान घेऊन गेली.

आठवड्यानं तुम्ही जेवायला गेलात तेव्हा माशांच्या खाण्याची भुकटी मी काचेवर ठेवली नि निळा दिवा लावला. बघून बघून शिकलो होतो. नुसती भुकटी हिरवीगार चमकते आहे. तेवढ्यात तुम्ही येता, "काय रं, दिव्याशी खेळतोस?" म्हणता, आणि मी काच पुसून टाकतो.

त्यानंतर तीन वर्षं तुम्हाला रोज चहा मीच दिला. ती आता शाळेत शिकवते, बाजारात भेटली की विचारते, "काका, बरं हाय ना?" मी भाजीकडे बघत राहतो. तुम्हाला लिहिणं सोपं आहे, कारण तुम्हाला हे पोचायचं नाही. प्रयोगाच्या आदल्या संध्याकाळी ती पिल्लं काचेला तोंड लावून भिरभिरत होती, सर. मला राहवलं नाही. मी त्यांना खायला घातलं.