आईसाठी पासष्ट इंची

तीर्थरूप ताईस,

तुझ्या शेंडेफळाचा साष्टांग नमस्कार (कंबर धरली असल्यामुळे उभ्यानेच घालतोय, चालवून घे). दाजींचं ब्लडप्रेशर ताब्यात असेल आणि आमची धावपटू भाची पळत्या पायांनीच जेवत असेल, असं धरून चालतो.

येत्या रविवारी तिची शर्यत टीव्हीवर दाखवणार, हे तू फोनवर सांगितलंस आणि इथली शांतता संपली. नातीला धावताना बघायचंच, असं आईने जाहीर केलं. पण आपला टीव्ही एवढासा, त्यात पोर ओळखू येणार कशी, म्हणून लगेच हिरमुसलीही. आईचं उतरलेलं तोंड मला बघवत नाही गं. दुसऱ्याच दिवशी शिवणाचं दुकान बंद ठेवून मी टेप घेतली आणि भिंत मोजली. खिडकीपासून स्वयंपाकघराच्या दारापर्यंत बरोब्बर पन्नास इंच. आता तीस वर्षं कपडे शिवलेला माणूस नुसतं अंगाचं माप लिहून गप्प बसेल का? हात आपोआप चालला. सैलपणासाठी चार, शिलाईत दाबायला दोन, आणि आईची हौस म्हणजे वाढतं अंग, म्हणून आणखी नऊ. झाले पासष्ट! टीव्हीवाला बिचारा सांगत होता, की काका, आमचे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत असतात, आणि आधी तुम्ही किती लांब बसणार ते बघा. मी म्हटलं, माप घ्यायला तू मला शिकवणार?

टीव्ही आला, आडवा सत्तावन्न इंच भरला आणि स्वयंपाकघराच्या दारात सात इंच घुसला. तुझी भावजय आता आत-बाहेर अंग चोरून जाते आणि जाताना माझ्याकडे जे बघते, ते इथे लिहिण्यासारखं नाही. समोर बसलं तर बातम्या देणाऱ्याचं नुसतं नाक दिसतं. म्हणून सोफा गॅलरीत नेला आणि आम्ही तिथून, दारातून, आत बघतो. शेजारीही खुर्च्या घेऊन येतात. काल तर तुझी भावजयसुद्धा अबोला विसरून पोट धरून हसली. एकूण काय, घरात नुसती धमाल आहे.

तुझा,
धाकटा

ता. क. टीव्ही मी परत करणार नाही. भावजयीचा फोन आला तर मी दुकानात आहे असं सांग.

ता. ता. क. खरं ते आता लिहितो. आज आईला गॅलरीतून उठवून टीव्हीच्या अगदी जवळ बसवलं. तिने कौतुकाने हात फिरवला आणि म्हणाली, "छान आहे रे, पण हाही जरा लहानच पडला." तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेलं, तर दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू! ऑपरेशन म्हटल्यावर तिने अंगावरची चादर डोक्यावर ओढली. तुझ्याशिवाय ती कुणाचं ऐकत नाही. रविवारी शर्यत झाली की पोरीला घेऊन ये, आजीच्या अगदी पुढ्यात उभी कर आणि आजीला दवाखान्यात न्यायचं काम तिच्यावर सोड. पण लवकर या. आईचं म्हणणं, ऑपरेशन कशाला, याहून मोठा आण. आणि याहून मोठा त्या दुकानात नाही, मी विचारून आलोय.